हौशी नट आणि ओळखीचा प्रेक्षक

‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे दोन प्रसंगी हमखास ऐकू येतो. नाटक रंगले तर ‘हौशी असूनही छान केले’ म्हणतात आणि पडले तर ‘शेवटी हौशीच ते’ म्हणतात. दोन्ही वेळा शब्दाला हेटाळणीचा वास असतो. वस्तुतः हौशी आणि व्यावसायिक हा भेद गुणवत्तेचा नसून चरितार्थाचा आहे. व्यावसायिक नट प्रयोगागणिक ‘नाइट’ घेतो. हौशी नट दिवसा कचेरीत, शाळेत किंवा दुकानात राबून रात्री तालमीला येतो आणि पुष्कळदा वर्गणीही पदरचीच भरतो. एवढे मान्य केले की खरा प्रश्न पुढे येतो. हौशी नटाच्या अडचणी व्यावसायिक नटाच्याच, फक्त अधिक मोठ्या असतात, की त्या मुळातच निराळ्या असतात? त्या निराळ्या असतात, असे माझे मत आहे. दोन गाजलेली नाटके आणि आमच्या तालुक्याच्या गावातील एका मंडळाच्या तालमी यांच्या आधारे ते येथे मांडत आहे. या तालमी मी महिनाभर रोज बसून पाहिल्या आहेत.

मराठी नाटकाचा आरंभ आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीता स्वयंवरा’पासून मानतो. पुढे नाटक कंपन्यांचा काळ आला आणि गेला. स्वातंत्र्यानंतर हौशी मंडळांना मोठा आधार मिळाला तो स्पर्धांचा. शासनाच्या राज्य नाट्यस्पर्धेने गावोगावच्या मंडळांना दरवर्षी नवे नाटक बसवायला लावले. १९६३ साली सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडकाने तेच काम महाविद्यालयांसाठी केले. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेले डॉ. श्रीराम लागू हौशी रंगभूमीवर घडले आणि १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले. अशा उदाहरणांमुळे हौशी रंगभूमी म्हणजे व्यवसायाची पहिली पायरी, असा समज रूढ झाला. पण जे ही पायरी चढत नाहीत, जन्मभर गावातच राहून नाटक करतात, त्यांचे काय? माझा विषय तेच आहेत.

मी पाहिलेल्या मंडळाने विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ निवडले होते. हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली प्रथम केले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे, हे सर्वांना ठाऊक आहेच. नाटकातली माणसे स्वतःच हौशी नट आहेत. एका गावी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला ती आली आहेत. मधल्या वेळात गंमत म्हणून ती लीला बेणारे या शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा खोटा खटला चालवतात आणि पाहता पाहता खेळ खरा होतो. भूमिका कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, ही रेघच पुसली जाते.

व्यावसायिक नटाच्या बाबतीत ही रेघ प्रेक्षकांनी आधीच आखलेली असते. तो दुसऱ्या गावचा. पडदा पडला की गाडीत बसून निघून जातो. हौशी नटाला मात्र सकाळी त्याच प्रेक्षकांत उठायचे असते. मंडळातले काशीकर, म्हणजे खटल्याचे न्यायाधीश, हे किराणा दुकानदार. निम्म्या सभागृहाची उधारी त्यांच्या वहीत! ते खुर्चीत बसताच हशा पिकणार, हे उघड होते. तरुण मंडळींनी सुचवले की दाढी लावावी, आवाज बदलावा. दिग्दर्शक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. म्हणाले, “शेठ, लोक तुम्हाला हसणारच. हसू द्या. हशा संपेपर्यंत निवांत कान कोरत बसा. मग पहिलं वाक्य रोजच्या आवाजात बोला.” प्रयोगात तसेच झाले. हशा ओसरला आणि आपल्या ओळखीचा, रोज साखर तोलून देणारा माणूस एका बाईचा न्याय करायला बसला आहे, हे लोकांच्या ध्यानात आले. परका नट ही भीती इतक्या सहज निर्माण करू शकला असता, असे मला वाटत नाही.

याची दुसरी बाजू मात्र कठीण आहे. लहान गावांत स्त्रीभूमिकेसाठी बाहेरगावची नटी मानधन देऊन आणण्याची पद्धत होती. कारण सांगितले जाई ते अभिनयाचे. खरे कारण असे ते गावातल्या बाईच्या नावाचे. मंडळाची बेणारे गावातलीच होती, अंगणवाडीत काम करणारी. अविवाहित गरोदर शिक्षिकेची भूमिका तिने स्वीकारली, तेव्हा घरून विरोध झाला आणि तालमीत चार दिवस तिची जागा रिकामी राहिली. गुरुजींनी बाहेरून कोणाला आणले नाही. त्यांनी तिच्या सासूबाईंना आणि शेजारणींना बोलावून त्यांच्यासमोर संपूर्ण नाटकाचे वाचन केले. अर्धवट ऐकलेल्या नाटकाची बदनामी होते, पूर्ण ऐकलेल्याची चर्चा होते, असे ते म्हणाले. पाचव्या दिवशी ती तालमीला आली. सोबत सासूबाईही आल्या आणि शेवटपर्यंत येत राहिल्या.

प्रयोगानंतर बाजारात तिला काही जणी ‘बेणारेबाई’ म्हणून हाक मारू लागल्या. त्याचा त्रास होतो का, असे मी विचारले. ती म्हणाली, “चेष्टाच असते ती. पण चेष्टा करणारीलासुद्धा बेणारेचं शेवटचं बोलणं आठवत असतं. म्हणून मी मागे वळून बघते.” हौशी नटाला द्यावी लागणारी किंमत आणि त्याच्या हाती असलेले सामर्थ्य, दोन्ही या उत्तरात आहेत.

हौशी मंडळाचे आणखी एक बळ म्हणजे माणसे. व्यावसायिक निर्मात्याला प्रत्येक पात्रामागे नाइट मोजावी लागते. साहजिकच पात्रे कमी होत जातात. हौशी मंडळ रंगमंचावर समूह उभा करू शकते. पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी सादर केलेले ‘घाशीराम कोतवाल’ हे याचे मोठे उदाहरण होय. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे, दोघेही वैद्यकीय क्षेत्रातले. त्या प्रयोगात ब्राह्मणांची रांग हाच पडदा झाला. ती रांग झुलते, गाते, पाठ फिरवून मागचे कृत्य झाकते आणि क्षणात उघडे करते. एकट्याने कदाचित डोळ्यांत न भरणारा नट या रांगेत अपरिहार्य ठरतो. रोज वेळेवर येणारे, एका लयीत श्वास घेणारे पंधरावीस जण ही ज्या मंडळाजवळ आहेत, त्याची श्रीमंती मोठीच म्हटली पाहिजे.

यावरून आपल्या महाविद्यालयातील नाट्यमंडळापुरते काही निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की गाजलेल्या नटाची नक्कल टाळावी. प्रेक्षकांना आपण कोण आहोत हे ठाऊक आहे, तेव्हा लपण्यात श्रम घालवू नयेत. दुसरा, पात्रयोजना करताना आवाज आणि चेहरा यांबरोबरच, त्या भूमिकेचे ओझे घरी आणि वर्गात कोण व कसे वाहणार, याचा विचार मंडळाने मिळून करावा. विशेषतः मुलींच्या बाबतीत ही जबाबदारी एकटीवर टाकून मोकळे होऊ नये. तिसरा, पहिला प्रयोग होण्यापूर्वी एक तालीम घरच्या माणसांसाठी ठेवावी.

व्यावसायिक नट आपल्याला दुसऱ्यांचे जग दाखवतो. हौशी नट आपल्यातलाच माणूस असतो, आणि आपल्यातला माणूस किती वेगळा होऊ शकतो हे तो दाखवतो. दूरदर्शन आणि मोबाईलच्या पडद्यावर अनोळखी चेहऱ्यांची रेलचेल असताना हे काम दुसरे कोणी करील, असे दिसत नाही.