बग्गीची बॅटरी निवडताना

आमच्या सोसायटीच्या फाटकापासून शेवटच्या इमारतीपर्यंत सव्वा किलोमीटरचा रस्ता आहे आणि क्लबहाउसपाशी एक खडा चढ. सहा जणांची बॅटरीवरची बग्गी घेतली ती ज्येष्ठांसाठी. आता तीत शाळेच्या बसमधून उतरलेली मुलं असतात, भाजीच्या पिशव्या असतात, सणासुदीला झेंडूच्या पाट्याही असतात. कागदोपत्री तिचं नाव गोल्फ कार्ट. गोल्फ इथे कोणीच खेळत नाही.

पहिल्या बॅटऱ्या बसल्या तेव्हा कमिटीने दुकानदाराला विचारलं आणि त्याने दिल्या त्या बसवल्या : इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या चार, स्वस्तात. दिवाळीला बसवलेल्या बॅटऱ्या पावसाळ्यात चढ ओढेनाशा झाल्या. दोष बॅटरीचा नव्हता. इन्व्हर्टरच्या बॅटरीने पंखे-दिवे संथपणे तासन् तास चालवावेत अशी तिची घडण असते, आणि आम्ही तिला घाटात जुंपलं होतं. पुढच्या वेळी दुकानात जाण्याआधी काय काय केलं, ते क्रमाने सांगतो.

लागणारं साहित्य : मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, चार्जरच्या लाइनवर लावायला एक सबमीटर, हायड्रोमीटर, मोजपट्टी, वही. क्लॅम्प मीटर डीसी करंट मोजणाराच हवा. बहुतेक वायरमनकडे असतो तो फक्त एसीचा. तो बॅटरीच्या केबलला लावला तर शून्य दाखवतो आणि आपण उगाच खूश होतो.

१. आधी खात्री करा, की संच खरंच गेलाय. पूर्ण चार्ज करून बग्गी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी प्रत्येक बॅटरीचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. सहा व्होल्टची भरलेली, धड बॅटरी ६.३ च्या पुढे दिसते, आठची ८.४ च्या पुढे, बाराची १२.६ च्या पुढे. मग बग्गीत माणसं बसवून चढावर न्या आणि चढतानाच पुन्हा मोजा. सगळ्या थोड्याथोड्या उतरल्या तर म्हातारपण आलंय. एकच धाडकन उतरली तर ती एकटी बाकीच्यांना खाली ओढतेय. संच वर्षाच्या आतला असेल तर तेवढी एक बदलून भागतं. जुन्या संचात नवी बॅटरी घालू नका. जुन्यांच्या संगतीत तीही लवकरच जुनी होते.

२. आठवडाभर मोजा. सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगाची पायरी हीच. रोज रात्री सबमीटरचं रीडिंग आणि बग्गीचे किलोमीटर वहीत लिहायचे. जुना संच दिवसभर टिकत नसेल तर पाच फेऱ्यांचं मोजा आणि गुणा. सरासरी काढत बसू नका, सर्वांत जड दिवस धरा. आमचा जड दिवस रविवार निघाला : ३० किलोमीटर आणि साडेसहा युनिट. भिंतीतून घेतलेली सगळी वीज चाकापर्यंत जात नाही. चार्जर तापतो, बॅटरीही थोडी खाते. पाण्याच्या बॅटरीत ढोबळमानाने चार आण्यांची गळती धरावी. म्हणजे बॅटरीतून खरोखर निघाली ती ४.९ युनिट.

३. एएचचा हिशेब. ४.९ युनिट म्हणजे ४,९०० वॉट-तास. भागिले बग्गीचे ४८ व्होल्ट, उत्तर १०२ अँपिअर-तास, म्हणजे दुकानाच्या भाषेत १०२ एएच. म्हणून ‘११० एएच द्या’ म्हणालात तर फसलात. पाण्याची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या फार खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे दोनशे एएच हवे.

इथे आणखी एक खाच आहे. बॅटरीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा वीस तासांच्या हिशेबाचा असतो, म्हणजे वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळणारा. बग्गी तीच बॅटरी चार-पाच तासांत पिते, आणि घाईत पिणाऱ्याला कमी मिळतं. ट्रोजनची टी-१०५ ही गोल्फ कार्टमधली जुनीजाणती सहा व्होल्टची बॅटरी घ्या : वीस तासांच्या दराने २२५ एएच, पाच तासांच्या दराने १८५. दुकानदाराकडे ‘सी-फाइव्ह किती?’ असं विचारा. उत्तर न देता तो नुसता हसला, तर दुसरं दुकान गाठा.

४. चढावरचा करंट. क्लॅम्प मीटर मुख्य केबलला लावून सहा माणसांसह चक्कर मारा. आमच्याकडे सपाटीवर तीसच्या आसपास आकडा होता, चढावर १३०. चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघताना काटा क्षणभर दोनशेच्या पुढे गेला. शिवाय कंट्रोलरवर लिहिलेला कमाल करंट टिपून घ्या. लिथियमकडे वळलात तर हाच आकडा लागणार आहे.

५. खोका मोजा. सीटखालच्या जागेची लांबी, रुंदी, उंची. उंची बहुतेक जण विसरतात. झाकण बंद व्हायला हवं आणि टर्मिनल सीटच्या पत्र्याला लागता कामा नयेत. ४८ व्होल्ट तीन तऱ्हेने जुळतात. १२ व्होल्टच्या चार : वजन दीडशे किलोच्या आसपास, जागा थोडी, पण त्याच घराण्यातल्या बाराच्या बॅटरीचा पाच तासांचा आकडा १२० एएच. आमच्या रविवारी ती ८५ टक्के उपसली गेली असती. आठच्या सहा : १४५ एएच, ७० टक्के उपसा. सहाच्या आठ : १८५ एएच, ५५ टक्के. तिन्हींत आमच्या कामाचा हाच एक संच, पण त्याचं वजन सव्वादोनशे किलो आणि आठही बॅटऱ्या मावतील एवढा खोका हवा. जिथे सपाट रस्त्यावर दिवसाला दहा किलोमीटरच होतात, तिथे बाराच्या चार बॅटऱ्यांवर खुशाल समाधान मानावं. मात्र त्या डीप सायकलच्या, म्हणजे रोजचा खोल उपसा सोसणाऱ्या हव्यात. इन्व्हर्टरच्या किंवा गाडी स्टार्ट करायच्या नव्हेत.

६. पाणी कोण घालणार? कमिटीच्या सभेत हा प्रश्न मी विचारला तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आठ बॅटऱ्या, प्रत्येकीत तीन सेल, म्हणजे चोवीस बुचं. महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा, चार्जिंग संपल्यावर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड उकळून बाहेर येतं आणि ट्रे सडतो. नळाचं पाणी चालत नाही. प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग कायमचा गेला. वेळोवेळी हायड्रोमीटरने घनता पाहायची, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची. हे सगळं मनापासून करणारा एक माणूस तुमच्याकडे असेल तर पाण्याची बॅटरी घ्या, पैसे वाचतील. आमचा माळी ते करायचा. तो गावी गेला आणि पुढचे चार महिने बुचं कोणी उघडली नाहीत.

म्हणून आम्ही लिथियम घेतली. त्यातही आयर्न फॉस्फेटची, कारण ती उष्णता बरी सोसते. ३.२ व्होल्टचे सोळा सेल, ५१.२ व्होल्टचा संच. हिशेब तोच : ४,९०० भागिले ५१.२, म्हणजे ९६ एएच. रोज ८० टक्केच वापरायची म्हणून १२०. म्हातारपणाची पाचव्या हिश्शाची तजवीज धरून १४४. बाजारात १५० चा संच मिळतो. वजन सत्तर किलोच्या आसपास, त्यामुळे चढावर बग्गी हलकी वाटते. किंमत पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरते, हे खरं. पण रोज तीस किलोमीटर चालणाऱ्या बग्गीला ती परवडते, आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या बग्गीला नाही.

७. लिथियमच्या कोटेशनमध्ये या गोष्टी लिहून घ्या. आतल्या बीएमएसचा, म्हणजे सेल सांभाळणाऱ्या सर्किटचा, सलग करंट आणि क्षणिक करंट, दोन्ही. क्षणिक आकडा कंट्रोलरच्या कमाल आकड्याखाली असेल तर नेमकी चढावर, भरलेली बग्गी एकदम मेल्यासारखी उभी राहील. चार्जर नवा आणि त्याच संचाचा हवा, सोळा सेलांना ५८.४ व्होल्टवर थांबणारा; जुना लेड-ॲसिडचा जोडू नका. चार्ज दाखवणारा मीटरही नवा लागतो, कारण लिथियमचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतात आणि जुना काटा ‘भरली आहे’ म्हणत राहतो. उतारावर ब्रेक लावताना तुमची बग्गी वीज परत बॅटरीत पाठवत असेल, तर भरलेला संच ती वीज घेईल का, हेही विचारा. तुमचा चार्जिंग पॉइंट टेकडीच्या माथ्यावर असेल तर हा प्रश्न पहिला.

८. बसवताना घड्याळ, अंगठी, साखळी काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. तारा सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मुख्य निगेटिव्ह आधी सोडायची, जोडताना ती शेवटी. हिरव्या पडलेल्या केबल आणि लग पुन्हा वापरू नका. दिवे आणि हॉर्नसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट उचलायची वाईट खोड वायरमनना असते. ती एक बॅटरी मग कायम उपाशी राहते. त्याऐवजी कन्व्हर्टर लावा. पाण्याच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, तेव्हा चार्जिंगच्या जागी हवा खेळती हवी आणि विडी-सिगारेट बंद.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, तो जास्त भाव देत असला तरी. त्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. नवा संच देणाऱ्याकडेच त्या सोपवा आणि तेवढी रक्कम बिलातून वजा करून घ्या. आमच्या चार जुन्या बॅटऱ्या अशाच गेल्या. पावती कमिटीच्या फाइलला लावली आहे.