सेशेल्सची बेटं, भाड्याची बोट

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही दोघं मुलीला घेऊन सेशेल्सला जायचं म्हणतोय. खासगी बोट घेतली की हव्या त्या बेटावर उतरता येतं ना? आम्हाला बोट चालवता येत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : बोट चालवता येत नाही याची चिंता सोडा. माहे बेटावर कप्तानासह बोट भाड्यानं मिळते आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तशीच घ्यावी. तिथले प्रवाळ खडक पाण्याखाली असतात, नकाशा हाती असला तरी नवख्याला ते चकवतात.

उतरण्याबाबत मात्र तुमचा समज बरोबर नाही. कझिन बेटावर समुद्रपक्षी जमिनीवरही घरटी करतात. बाहेरच्या बोटीतून एखादा उंदीर आला तरी अंडी-पिल्लांचा फडशा पडेल, म्हणून तुमची बोट दूर उभी राहते आणि बेटावरचे कर्मचारी त्यांच्या होडीतून तुम्हाला नेतात. क्युरियूजवर महाकाय कासवं मोकळी फिरतात, तिथं प्रवेशशुल्क आहे.

एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडा, तेव्हा वारा पडलेला असतो. जून ते ऑगस्ट आग्नेयेचे वारे जोरात वाहतात आणि माहे ते प्रालँ हे सुमारे 45 किलोमीटरचं अंतर लाटांमुळे नकोसं होतं. मुलीला बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या सोबत ठेवा.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. आणि नांगर वाळूतच टाकायला कप्तानाला आवर्जून सांगा, प्रवाळावर नको.