वजन विचारा, पण चार्जरसकट

सई : मामा, सीएच्या आर्टिकलशिपसाठी लॅपटॉप घ्यायचाय. डोंबिवलीहून लोकल आणि रोज कुठल्या तरी क्लायंटकडे ऑडिट. सगळ्यात हलका कोणता?

मामा : त्यावर चालवणार काय?

सई : टॅली आणि एक्सेल.

मामा : मग विंडोजचाच. 13 इंची मॅकबुक एअर 1.24 किलोचा आहे, सुरेख आहे, पण टॅली त्यावर थेट चालत नाही. आणि जाहिरातीतलं वजन नुसत्या लॅपटॉपचं असतं बरं का. जाड चार्जर नि त्याची वायर मिळून सहज तीनशे ग्रॅम भरतात. यूएसबी-सीवर चार्ज होणारा घे. 65 वॉटचा छोटा चार्जर फोनलाही चालतो.

सई : स्क्रीन 15.6 इंची घेऊ? आकडे मोठे दिसतील.

मामा : तो सुमारे 36 सेंटिमीटर रुंद असतो. गाडीत मांडीवर उघडलास की कोपर शेजारणीला लागणार. 14 इंची पुरे, पण उंचीला जास्त असलेला, 1920 बाय 1200 पिक्सेलचा. 1080 वाल्यापेक्षा 120 पिक्सेल जास्त मिळतात. एक्सेलची साधी ओळ 20 पिक्सेलची, म्हणजे अक्षर मोठं केलं नाहीस तर सहा ओळी जादा. ताळेबंद तपासताना त्या सहा ओळींची किंमत कळते.

सई : आणि ताकद? आय-7 घेतला की काम झालं ना?

मामा : नाही गं, इथेच लोक फसतात. आय-7 च्या पुढचा नंबर आणि शेवटचं अक्षर वाच. 13व्या पिढीत 1355यू ची मूळ वीज 15 वॉट, 13700एच ची 45 वॉट. जितकी वीज तितकी उष्णता. ती बाहेर काढायला मोठा पंखा, तांब्याच्या नळ्या लागतात, आणि तेच वजन. पातळ लॅपटॉपमध्ये त्यांना जागा नसते. तापला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. एचचे पैसे भरायचे आणि तो वेग टिकायचा नाही! व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला एच लागेल, तुला यू.

सई : बॅटरी किती तास जाईल?

मामा : कंपनीचे तास सोड, वॉट-अवर बघ. 57 वॉट-अवरची बॅटरी आणि कामाचा सरासरी खर्च 8 वॉट, तर सात तास. स्क्रीनचा उजेड वाढवलास की खर्च वाढला. 40 च्या आतली नको; वजन थोडं वाचतं, पण क्लायंटकडे गेल्यावर आधी प्लग शोधावा लागतो.

सई : रॅम आत्ता 8 जीबी घेते, पुढे वाढवेन.

मामा : बहुतेक हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. आय-7 सोडून आय-5 घे, चालेल. पण 16 जीबीच्या खाली येऊ नकोस.