दुचाकीवर त्वचा रापू नये म्हणून

मे महिन्यात हातातलं घड्याळ काढून मनगट पाहा. पट्ट्याखालची कातडी एका रंगाची, आजूबाजूची दुसऱ्या. पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचाही असाच ठसा उमटलेला असतो. जिथे आडोसा होता तिथे ऊन पोचलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मुख्य भर झाकण्यावर द्यायचा आणि उरलेल्या भागाला सनस्क्रीन लावायचं, हे लक्षात ठेवा.

रापणं हा त्वचेचा बचाव आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी पेशींना इजा होऊ लागली की त्वचा जास्त मेलॅनिन तयार करते. मूळच्या सावळ्या रंगात काहीही उणं नाही. ही खटपट गोरं होण्यासाठी नाही, ती इजा टाळण्यासाठी आहे.

साहित्य

- घट्ट विणीचा सुती सनकोट किंवा पूर्ण बाह्यांचा शर्ट
- मोठा स्कार्फ, हातमोजे, पायमोजे
- काच असलेलं हेल्मेट, गॉगल
- एसपीएफ ३० ते ५०, पीए+++ किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन

कृती

१. वेळ निवडा. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेतलं ऊन सगळ्यात कडक. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की काम पुढे ढकलता येतं का ते पाहा. पुण्यात मेच्या मध्यावर एक दिवस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत हा नियम कसोशीने पाळा.

२. कापड पारखा. स्कार्फ उजेडासमोर धरा. विणीतून उजेड आरपार दिसला तर ऊनही आत येणार. असा झिरझिरीत स्कार्फ दुहेरी घ्या.

३. निघण्याआधी १५ ते २० मिनिटं सनस्क्रीन लावा. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा काढा. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. वाटाणाभर क्रीम पुरत नाही. कान, मानेची मागची बाजू आणि पावलं विसरू नका. मॉइश्चरायझर लावत असाल तर ते आधी, सनस्क्रीन नंतर.

४. मग सनकोट, स्कार्फ, हातमोजे. स्कार्फची गाठ हेल्मेटखाली येऊ देऊ नका, नाहीतर हेल्मेट नीट बसत नाही. हँडलवर हातांची वरची बाजू सतत उन्हात असते, तेव्हा जवळच जायचं असलं तरी हातमोजे घालाच.

५. दर दोन तासांनी, आणि खूप घाम आला तर त्याआधीही, घाम टिपून सनस्क्रीन पुन्हा लावा. ट्यूब डिकीत ठेवू नका. तापलेल्या डिकीत ते खराब होतं. पर्समध्ये ठेवा.

६. घरी आल्यावर गार पाण्याने चेहरा-हात धुऊन मॉइश्चरायझर लावा. त्वचा रापलीच तर घासू नका. लिंबू तर मुळीच चोळू नका: लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की फोड आणि काळे डाग येऊ शकतात. उन्हापासून जपलं तर काही आठवड्यांत रंग आपोआप उतरतो.

टीप

ढगाळ हवेतही अतिनील किरण पोचतात, आणि रापवणारे किरण गाडीच्या साध्या काचेतूनही आत येतात. गालांवर वांग असेल, किंवा मुरुमांवर औषधं चालू असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. त्यातल्या काही औषधांनी ऊन जास्त बाधतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावण्याऐवजी सावलीतच ठेवा.

आणि मागे बसणाऱ्याला विसरू नका. आपण डोळ्यांपुरती फट ठेवून सगळं गुंडाळून घेतो आणि शाळेतून आणलेलं मूल मागे अर्ध्या बाह्यांत, उघड्या पायांनी बसलेलं असतं. आधी त्याला हेल्मेट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मग स्वतःचा स्कार्फ बांधा.