आईबाप धडधाकट, मग पिल्लू आजारी कसं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, आनुवंशिकतेचा पाठ आला की आपण फळ्यावर मेंडेलचे वाटाणे मांडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मुलांना मात्र हा पाठ गोठ्यातूनच शिकवावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' गाय घ्या: निम्मी होल्स्टीन, पाव जर्सी, पाव गीर.

या होल्स्टीन जातीत 'ब्लॅड' नावाचा आनुवंशिक दोष आढळतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीबाहेर पडून जंतूंपर्यंत पोहोचूच शकत नाहीत. वासरू सारखं आजारी पडतं आणि बहुधा लहानपणीच दगावतं. हा दोष जगभर पसरला तो अमेरिकेतल्या ऑस्बर्नडेल आयव्हॅन्हो या नामांकित वळूच्या वंशातून. वळू स्वतः ठणठणीत, कारण त्याच्याकडे सदोष जनुक एकच होतं! म्हणून आता केंद्र सरकारच्या मानकांनुसार होल्स्टीन आणि तिच्या संकरित वळूंची रेतनासाठी निवड करताना ब्लॅडची डीएनए चाचणी करावी लागते.

वर्गात हे असं दाखवा. दोन पिशव्या घ्या, प्रत्येकीत ज्वारीचा एक दाणा (चांगलं जनुक) आणि हरभऱ्याचा एक (सदोष). प्रत्येक पिशवीतून न बघता एकेक दाणा काढायचा, नोंद करायची, परत टाकायचा. चाळीस वेळा केलं की साधारण दहा वेळा दोन्ही हरभरे येतात. तेच आजारी वासरू.

आता वळूकडून कुत्र्याकडे वळू या, कारण इथे गणित इतकं सोपं राहत नाही. डॉबरमन जातीत हृदयाचा स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगत जाण्याचा आजार वंशपरंपरेने येतो. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात तो निम्म्याहून अधिक डॉबरमनमध्ये आढळला. यामागे एकच जनुक नाही. अमेरिकन कुत्र्यांत सापडलेले बदल युरोपातल्या कुत्र्यांना तसेच लागू पडले नाहीत. शिवाय आजार बहुधा मधल्या वयात दिसतो आणि तोवर त्या कुत्र्याची पिल्लं घरोघर गेलेली असतात. नुसत्या स्टेथोस्कोपने तो हमखास कळत नाही. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, आणि चोवीस तासांची होल्टर तपासणी करावी लागते.

केनेल क्लबचा कागद पूर्वज कोण ते सांगतो, त्यांच्या हृदयाचं काही सांगत नाही. म्हणून पालकांनो, मुलाच्या हट्टापायी पिल्लू घेताना किमतीआधी आईबापांचे इको-होल्टरचे अहवाल मागा आणि त्यावरची तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीचा 'नॉर्मल' अहवाल आज फारसा कामाचा नाही. आजी-आजोबा कितव्या वर्षी, कशाने गेले तेही विचारा. 'चांगला खेळत होता, अचानक गेला' असं उत्तर आलं तर डॉबरमनच्या बाबतीत ते हृदयच असण्याची शक्यता मोठी. घरात आधीच डॉबरमन असेल आणि तो पटकन दमत असेल, खोकत असेल किंवा भोवळ येऊन पडला असेल, तर लगेच पशुवैद्यांकडे न्या.