नागपूर दाखवून आणताना

पोरी, सासूबाई, बाबा आणि दोन्ही लेकरांना घेऊन एका दिवसात नागपूर दाखवून आणायचं म्हणतेस. गाडी स्वतंत्र, सोबत माहिती सांगणारा गाइडही. बेत चांगला आहे. एसटीने जाऊन ऑटोवाल्यांशी घासाघीस करत फिरण्यात म्हाताऱ्या माणसांचा जीव जातो आणि पाहून काहीच होत नाही. पण स्वतंत्र गाडी आणि गाइड घेतला म्हणजे सगळं आपोआप नीट होतं असंही नाही. नागभीडहून कितीतरी घरची माणसं मी नागपूरला नेली-आणली, म्हणून हे लिहून पाठवते.

सगळ्यात आधी गाइडला आपण कोण, कुठले आणि काय पाहायला येतो ते सांग. हे बहुतेक जण सांगतच नाहीत. मग तो नेहमीच्या पाहुण्यांना दाखवतो तेच दाखवतो: फुटाळ्याचा काठ, एखादा मॉल, दोन मंदिरं, बर्फीचं दुकान. त्याला आदल्या आठवड्यातच फोनवर सांग, की आम्ही झाडीपट्टीतले, धान पिकवणारे. दोन माणसं साठीच्या पुढची आहेत, एकाला कमी ऐकू येतं. आमच्या मुलुखाचं नागपुराशी जे नातं आहे ते आम्हाला दाखवा. जाणता गाइड हे ऐकून खूश होतो. जो नुसता 'हो, हो, सगळे पॉइंट करून देतो' म्हणतो, त्याच्याऐवजी दुसरा बघ. मराठीत सांगणारा हवा, हेही स्पष्ट बोल. हिंदी आपल्याला कळते, पण बाबा मराठीतच मोकळेपणी प्रश्न विचारतील. पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का, पैसे तासावर की दिवसावर, जेवण त्याचं की आपलं, हे आधीच ठरवून घे. आणि खरेदीला दुकान आम्ही सांगू तेच, हेही. दुकानात गिऱ्हाईक नेलं की काहींना तिथून पैसे मिळतात. त्यात तासभर जातो आणि वस्तू महाग पडते.

गाडी ठरवताना पिवळ्या पाटीचीच घे. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण भाड्याने चालवताना काही झालं तर विम्याचे वांधे होतात. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर आणि शहरात फिरायचे पन्नास-साठ धर. बहुतेक गाडीवाले दिवसाला तीनशे किलोमीटर धरूनच भाडं सांगतात, म्हणजे तेवढ्यात सगळं बसतं. डिझेल, टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता यातलं काय धरलं आहे आणि काय वेगळं, ते मोबाइलवर लिहून मागून घे. चालक आदल्या रात्री वरातीच्या गाडीवर जाऊन आलेला नसावा. हे तोंडावर विचारायला लाजू नको. आणि जागा मोजताना गाइडची जागा धर. तुम्ही मोठी तिघं, लेकरं दोन, गाइड एक, चालक एक. पाच सीटची गाडी घेतलीस तर गाइड मागून मोटरसायकलवर येईल आणि रस्त्यात तो जे सांगू शकला असता ते सगळं वाया जाईल.

त्याला पुढे बसवू नको. पुढे बसलेला माणूस काचेकडे तोंड करून बोलतो, मागच्यांना अर्धं ऐकू येतं. मधल्या ओळीत त्याला बाबांच्या शेजारी बसव, ज्या कानाने बाबांना ऐकू येतं त्या बाजूला. सासूबाईंना गाडी लागते ना, त्या पुढे बसतील.

दिवस कोणता, हे गाडीपेक्षा महत्त्वाचं. सोमवार मुळीच नको. अजब बंगला, महाराजबाग, गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय, सोमवारी बंद. डिसेंबरात अधिवेशन भरलं की विधानभवनाभोवतीचे रस्ते मोर्चांनी अडतात, आणि तुम्हाला फिरायचं नेमकं त्याच भागात. दसरा आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर लाखो माणूस येतो. त्या दिवशी जायचं ते दर्शनाला आणि पायी, गाडी-गाइड घेऊन नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत असते, इतवारी-महालात गाडी शिरत नाही. उन्हाळ्याचं तर बोलूच नको. धान चुरून घरात आलं, हात मोकळे झाले, की जानेवारी-फेब्रुवारीतला मंगळवार-बुधवार धर. फेब्रुवारीच्या शेवटी गेलीस तर मृगबहाराची संत्रीही मिळतील.

सकाळी साडेपाचला घर सोडा. कान्पा, भिवापूर, उमरेड करत आठच्या सुमारास दिघोरीत पोहोचाल. संध्याकाळी साडेपाचला शहर सोडायचं हे आताच पक्कं कर. मधले नऊ-साडेनऊ तास. त्यातून जेवण, दुपारचा थोडा विसावा, रस्त्यातली गर्दी आणि म्हाताऱ्या माणसांचं चढणं-उतरणं काढलं की जेमतेम सहा तास उरतात. त्यात चार ठिकाणं नीट होतात. दहा ठिकाणांची यादी करणारा माणूस दिवसभर गाडीच्या काचेतून पाट्या वाचतो. रामटेक, ड्रॅगन पॅलेस, कोराडी ही यादीत घालायचा मोह होईल. ती तिन्ही शहराबाहेर आहेत, त्यांच्यासाठी दुसरा दिवस काढ.

ठिकाणं अशी लाव की गाडी शहराला एक फेरा घालून पुन्हा उमरेड रोडलाच लागेल. पहिली दीक्षाभूमी, मग सिव्हिल लाइन्सचा भाग, तिथून वर मोतीबाग, आणि शेवटी इतवारी-महाल. महालातून सक्करदरा, दिघोरी सरळ पडतं. उलटं केलंस तर संध्याकाळी सीताबर्डीच्या गर्दीत अडकून तासभर जाईल.

दीक्षाभूमी सकाळीच बरी, शांतता असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली, हे लेकरांच्या पुस्तकात आहे. पण त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, त्यांनी चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपुरात, दीक्षा दिली, हे आपल्या जिल्ह्याच्या लेकरांना ठाऊक हवं. गाइडला हे मुद्दाम सांगायला लाव. आताचा स्तूप २००१ साली लोकांसाठी खुला झाला. आतून पोकळ आहे, मधोमध उभं राहून वर पाहायचं. आत मोठ्याने बोलायचं नाही आणि लेकरांना धावू द्यायचं नाही. बाहेर बोधिवृक्ष आहे, श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या वृक्षाच्या फांदीपासून वाढवलेला. त्याच्या सावलीत बाबांना दहा मिनिटं बसू दे.

नाश्ता कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्याचा करा, पण सासूबाईंच्या पोह्यांवर तर्री वेगळ्या वाटीत माग. तिथून झिरो माइल अगदी जवळ. दगडी खांब, चार घोडे. बहुतेक लोक फोटो काढून निघतात. हा भारताचा मध्यबिंदू, असं गाइड सांगेल. सगळेच सांगतात. तू त्याला मोजणीचं विचार. इंग्रजांनी साऱ्या देशाची त्रिकोणमितीने मोजणी केली, तिच्याशी जोडलेली ही १९०७ ची खूण. समुद्रसपाटीपासून उंची १०२०.१७१ फूट, तीही तिथे कोरलेली आहे. आणि खांबाच्या बाजूंना ज्या गावांची नावं मैलांसह कोरली आहेत, त्यांत चांदा आहे. लेकरांना ते नाव स्वतः शोधू दे. हैदराबाद, जबलपूर आणि चांदा एका दगडावर वाचताना त्यांना आपण कुठे राहतो ते जसं उमगेल तसं नकाशावर बोट ठेवून उमगत नाही.

तिथूनच सीताबर्डीची टेकडी दिसते. वर किल्ला आहे, तो लष्कराच्या ताब्यात. सर्वसामान्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच आत सोडतात, म्हणून कुणी 'आत नेतो' म्हटलं तर विश्वास ठेवू नको. खालीच टेकडी गणपती आहे. सासूबाईंना दर्शन होईल आणि तेवढ्या वेळात गाइडने १८१७ च्या नोव्हेंबरातली लढाई सांगावी. आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा तिथे पाडाव झाला आणि पुढच्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला. नागपुरात जे घडलं ते सहा महिन्यांत आपल्या दाराशी आलं. शाळेत हे दोन वेगवेगळ्या धड्यांत असतं, म्हणून कुणाच्या ध्यानात राहत नाही.

अजब बंगला मला सगळ्यात प्रिय. सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचं. आपल्याकडची जुनी माणसं नागपूरला गेली की अजब बंगला पाहिल्याशिवाय परतत नसत. बहुतेक जण पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशीच रेंगाळतात. वाघ काय, आपल्याकडे शिवारात फिरतो. त्यासाठी नागपूरला जायची गरज नाही. तुम्ही आदिवासी संस्कृतीच्या दालनात वेळ घालवा. तिथली मासे धरायची साधनं, दागिने, वाद्यं बाबा ओळखतील. त्यांनी लहानपणी अशा वस्तू हाताळल्या आहेत. गाइडला तिथे थोडं गप्प राहायला सांग आणि बाबांना बोलू दे. लेकरांना आजोबा काचेपलीकडच्या वस्तूचं नाव सांगतात, ती कशी वापरायची ते हाताने करून दाखवतात, तेव्हा कुठलाही गाइड त्याहून चांगलं सांगू शकत नाही. जाणता गाइड हे ओळखतो, स्वतःच वही काढून लिहून घेतो.

गोंड राजांचंही तिथेच विचारून घे. नागपूर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाहाने, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. भोसले नंतर आले. चांद्याला गोंडांचं राज्य, नागपूरही गोंड राजाने वसवलेलं, म्हणजे या शहरात आपण पाहुणे म्हणून जात नाही. हे बाबांना माहीत आहे, लेकरांना नाही.

जेवण साधं घ्या. सावजीचा आग्रह कुणीतरी धरेलच. रस्सा चवीला उत्तम, पण परतीचा अडीच तासांचा प्रवास आणि बाबांची आम्लपित्ताची तक्रार लक्षात घेता तो पुढच्या खेपेला. चालक आणि गाइड आपल्यासोबतच जेवतील असं पाहा. जेवणानंतर अर्धा तास कुणालाही उठवू नको. बाबांच्या साखरेच्या गोळ्या तुझ्या पर्समध्ये ठेव, गाडीत नको. गाडी पार्किंगला असते आणि गोळी वेळेवर लागते. बायकांच्या सोयीचं आधीच बघून ठेवायचं: संग्रहालयात, जेवायच्या ठिकाणी आणि मेट्रो स्टेशनात स्वच्छतागृह असतं. 'नंतर बघू' म्हणत सासूबाई दिवसभर पाणी पिणं टाळतील, तसं होऊ देऊ नको. लेकरांनी मेट्रोचा हट्ट धरला तर झिरो माइल ते सीताबर्डी एक स्टेशन गाइडसोबत बसवून आण, तुम्ही गाडीत थांबा.

दुपारी मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. त्या दिवशी उघडं आहे ना, फोन करून विचारून घे. हे दहापैकी नऊ गाइड सुचवणार नाहीत आणि नागभीडच्या माणसाने तर हे चुकवूच नये. अडीच फुटांच्या रुळावरून इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर करत आपल्याकडे येणारी ती छोटी गाडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेने टाकलेली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजच्या कामासाठी थांबवलेली. नागभीड जंक्शन झालं ते तिच्यामुळे. बाजार, शिक्षण, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं त्या गाडीने. भिवापूरला मिरचीची पोती चढली की अख्खा डबा शिंकायचा. तुझ्या सासूबाई लग्न होऊन त्याच गाडीने आल्या. त्या संग्रहालयात जुनी इंजिनं उभी आहेत, त्यांना हात लावून पाहता येतं. तिथे घाई करू नका. इतवारीचा वेळ कमी झाला तरी चालेल.

इतवारी-महालात तासभर पुरे. गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, तो गाडीतूनच पाहा. खरेदी शेवटी करायची, नाहीतर दिवसभर पिशव्या सांभाळत फिरावं लागतं. कोसा दाखवला तर धागा बोटांत धरून बघ, कुठला आहे विचार. नागभीड, सावली, आरमोरीकडचा कोसा तिथे दुप्पट भावाने विकला जातो. तो आपल्या गावी विणकराकडून घेता येतो. संत्रा बर्फी घे आणि मिरची मात्र परतताना भिवापुरात.

गाइडचे पैसे शहर सोडण्याआधी सर्वांसमोर दे. काम मनापासून केलं असेल तर वर थोडं दे आणि बाबांच्या हातून दे. त्याचा नंबर जपून ठेव. पुढच्या खेपेला शेजारच्या घरालाही तोच सांगता येईल.

उमरेडला चहा, आणि ज्यांना उतरायचं असेल त्यांनी भिवापुरातच उतरून घ्यायचं. पुढे कऱ्हांडल्याचं आणि आपल्याकडचं रान आहे. अंधार पडल्यावर भिवापूर ते नागभीड मधे कुठेही गाडी थांबवायची नाही, लेकरू कितीही रडलं तरी. नीलगाय आणि रानडुक्कर दिव्याच्या झोतात एकदम आडवे येतात, त्यामुळे चालकाला साठच्या वर जाऊ देऊ नको. समोरची गाडी दिवे मिचकावत थांबली असेल तर आपणही मागे थांबायचं, हॉर्न न वाजवता, काचा वर करून. वाघ रस्ता ओलांडून गेला तरी मागून बछडी येत असतात. पुढची गाडी हलेपर्यंत आपण हलायचं नाही.