घरगुती रेडियम कटिंग यंत्र : जोडणी, चाचणी व दोषनिवारण

वरणगावच्या महामार्गावरून जाणाऱ्या केळीच्या ट्रकवरील अक्षरे, दवाखान्याची पाटी, शाळेच्या कपाटावरील क्रमांक, ही कामे पूर्वी पेंटर ब्रशने करीत. आता ती बहुतांशी कटिंग प्लॉटर या यंत्रावर होतात. हे यंत्र घरातील एका टेबलावर मावते, म्हणून अनेक सुशिक्षित तरुण-तरुणी ते कर्ज काढून घेतात. मात्र पहिल्याच महिन्यात अर्धा रोल वाया जातो आणि ‘यंत्रच खराब निघाले’ असे म्हणून ते कोपऱ्यात पडते. वस्तुतः बहुतेक वेळा दोष जुळणीत असतो. तो क्रमाने कसा शोधावा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

रेडियम म्हणजे काय?

आपण ज्याला रेडियम म्हणतो तो व्हिनाइलचा, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकचा पातळ चिकट पापुद्रा असतो. खरे रेडियम हे मूलद्रव्य मेरी व पिएर क्युरी यांनी १८९८ साली शोधले. पुढे ते अंधारात चमकणाऱ्या घड्याळाच्या तबकड्यांसाठी वापरले गेले. चमकणाऱ्या पट्टीला तेच नाव चिकटले, आणि नंतर साध्या रंगीत पापुद्र्यालाही. आपल्या रोलमध्ये रेडियमचा अंशही नसतो.

नेहमीच्या रोलचा पापुद्रा सुमारे ८० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यामागे गोंद व गोंदामागे मेणचट कागद असतो. यंत्राने पापुद्रा पूर्ण कापावा, पण कागद कापू नये. सगळी कसोटी एवढीच आहे. ज्या गावात आयुध निर्माणी आहे, तेथील कामगार बंधूंना मायक्रॉनचा हिशेब नव्याने सांगायला नको.

जोडणी

१) टेबल हलणारे नसावे. यंत्राच्या पुढे व मागे रोल सरकायला मोकळी जागा ठेवावी.

२) तीन पिनांच्या सॉकेटला खरे अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. कोरड्या हवेत प्लास्टिक सरकताना स्थिर विद्युत साठते आणि यंत्र मध्येच थांबते किंवा भलतीच रेघ मारते.

३) संगणकाला यंत्र जोडण्यापूर्वी सोबत आलेला ड्रायव्हर भरावा. पोर्टचा क्रमांक व वेग (बहुधा ९६००) यंत्रात आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच असावा.

४) साध्या रोलसाठी ४५ अंशांचे पाते घ्यावे. ६० अंशांचे पाते जाड मालासाठी असते.

५) पात्याचे टोक किती बाहेर ठेवावे? होल्डर हातात धरून रोलच्या तुकड्यावर रेघ ओढावी. पापुद्रा कापला जाऊन मागच्या कागदावर फक्त पुसट ओरखडा उमटला, तर माप बरोबर आहे.

चाचणी

मोठे काम लावण्याआधी एक लहान चौकोन व त्यात वर्तुळ कापावे. सुरुवात कमी वेगाने व सुमारे ८० ग्रॅम दाबाने करावी. दाब दहा-दहा ग्रॅमने वाढवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व ती वहीत लिहावी. वेग, दाब आणि पाते एकदम बदलले तर दोष कशाचा होता हे कधीच कळत नाही.

दोष व उपाय

*यंत्र हलत नाही.* यंत्रावरच्या बटणाने स्वचाचणी करावी. ती झाली तर यंत्र ठीक आहे. दोष केबल, पोर्ट किंवा ड्रायव्हरमध्ये आहे.

*मागचा कागदही कापला जातो.* पाते थोडे आत घ्यावे. दाब कमी करणे हा दुसरा उपाय.

*मध्येच कापले जात नाही.* होल्डरमध्ये रेडियमचा कण अडकला असेल. पाते काढून स्वच्छ करावे. ते होल्डरमध्ये सहज फिरले पाहिजे.

*कोपरे गोल होतात, वर्तुळ जुळत नाही.* पात्याचे टोक मध्यावर नसून किंचित बाजूला असते. हे अंतर, म्हणजे ऑफसेट, बहुधा ०.२५ मि.मी. असते. ते सॉफ्टवेअरमध्ये भरावे.

*रोल तिरका जातो.* दाबरोलर खालच्या खरखरीत पट्ट्यावरच टेकले पाहिजेत. लांब काम असेल तर तेवढा रोल आधीच सैल उलगडून ठेवावा.

*माप चुकते.* १०० मि.मी.चा चौकोन कापून पट्टीने मोजावा. एचपीजीएल भाषेत एक पाऊल ०.०२५ मि.मी. असते, म्हणजे १०० मि.मी.ला ४००० पावले.

मराठी अक्षरांची खास अडचण

सोबतच्या पुस्तिकांत हा दोष सहसा नसतो, म्हणून तो नीट समजून घ्यावा. इंग्रजी अक्षरे सुटी असतात. आपली अक्षरे शिरोरेषेने जोडलेली दिसतात, पण संगणकात प्रत्येक अक्षर व मात्रा वेगळा आकार असून त्यांची टोके एकमेकांवर चढलेली असतात. छापताना ते दिसत नाही. पाते मात्र प्रत्येक आकाराची कड कापते. त्यामुळे ‘वरणगाव’ लिहिले की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि सोलताना अक्षरे निखळतात.

उपाय सोपा आहे. मजकूर तपासून झाल्यावर त्याचे आकारात रूपांतर करावे आणि सर्व आकार एकजीव करावेत. कोरलड्रॉमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज’ व नंतर ‘वेल्ड’. मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ व नंतर ‘युनियन’. मग केवळ बाह्यरेषेचे दृश्य पाहावे. अक्षरांच्या सांध्यात आडवी रेघ दिसली तर काम अपुरे आहे. रूपांतरानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळी जपावी. अनुस्वार फार लहान ठेवू नये, तो सोलताना निघून येतो. काचेच्या आतून लावायचा मजकूर उलटा कापावा.

उन्हाळा व कचरा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा गोंद मऊ होतो व पापुद्रा ताणला जातो. सोलण्याचे व चिकटवण्याचे काम सकाळी करावे. रोल उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नये. उरलेला कचरा कधीही जाळू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे घातक वायू निघतात.

व्यवसायाचा विचार

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रेडियमच्या नंबरप्लेट हा या धंद्याचा मोठा आधार होता. १ एप्रिल २०१९ पासून बनणाऱ्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सोबतच येऊ लागली आणि पुढे महाराष्ट्रात जुन्या वाहनांनाही ती सक्तीची झाली. त्या कामावर विसंबून कर्ज काढू नये. पाट्या, ट्रक व ट्रॅक्टरवरील नावे, शाळा व कार्यालयांचे फलक ही कामे आहेत. ती आपल्या पंचक्रोशीत महिन्याला किती मिळतील, हे आधी फिरून विचारावे.

२०१५ साली सुरू झालेली मुद्रा योजना किंवा १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ यांच्याकडे जाण्यापूर्वी हिशेबाचा कागद तयार असावा. त्यात रोल, वाया गेलेला माल, पाती, वीज, आपला वेळ व हप्ता मांडावा. वाया गेलेला माल न धरणारा हिशेब फसवा असतो.

विद्यार्थी मित्रहो, जुना पेंटर अक्षराची वळणे वर्षानुवर्षे घोटत असे. यंत्राने हाताचे श्रम वाचवले. नजर मात्र आपल्यालाच कमवावी लागेल. एखाद्या पेंटरकाकांकडे महिनाभर बसून अक्षरांतील अंतर शिकावे, वहीत रोजच्या चाचण्या लिहाव्यात आणि ती वही पुढच्या शिकणाऱ्याला द्यावी. तिच्यामुळे त्याचा अर्धा रोल वाचेल.